पीएस६ची वाट बघू की आत्ताच पीएस५ घेऊ? (गेम पार्लरवाल्याचा प्रश्न)

कृष्णाकाठचा
१३ डिसेंबर २०२५, रात्री ११:५०

मंडळी, कराडला विद्यानगरात माझं छोटं गेम पार्लर आहे. चार पीएस४ (सोनीचे प्लेस्टेशन ४ कन्सोल), चार टीव्ही, एक कूलर आणि भिंतीवर 'रिमोट आपटल्यास भरून घेतला जाईल' अशी पाटी. गिऱ्हाईक म्हणजे इंजिनिअरिंगची आणि फार्मसीची पोरं. सबमिशन आणि परीक्षेचे दिवस सोडले तर धंदा बरा चालतो.

अडचण अशी की पीएस४ आता थकलेत. उन्हाळ्यात फॅनचा आवाज भिंतीपलीकडच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू जातो. फुटबॉलचा एफसी २६ अजून पीएस४वर निघाला म्हणून तग धरून आहे. पण मारामारीचा टेकन ८ पीएस४वर नाहीच, आणि येणारं प्रत्येक टोळकं तोच मागतं. वरून जीटीए ६ हा मोठा गेम. पुढच्या वर्षी १९ नोव्हेंबरला येणार म्हणतात, तोही फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर. त्या दिवशी माझ्याकडे पीएस५ नसेल तर पोरं स्टँडजवळच्या नव्या गेम झोनमध्ये जातील, हे मला आजच दिसतंय.

चारही बदलायचे म्हणजे सव्वादोन लाखांची गोष्ट. धाकटा मेहुणा म्हणतो, "दाजी, थांबा. पीएस३ २००६ला, पीएस४ २०१३ला, पीएस५ २०२०ला. सात-सात वर्षांचा हिशेब आहे. २०२७ला पीएस६ आला की तुमचे चारही जुने." हिशेब तसा चुकीचा वाटत नाही. पैसे दाजींचे असले की मेहुण्याला धीर फार असतो, हेही आहेच.

यूट्यूबवर रोज नवा लीक. एक म्हणतो तिप्पट ताकद, दुसरा म्हणतो हातात धरून खेळायचा पण निघणार, तिसरा टेराफ्लॉप मोजत बसलाय. मला टेराफ्लॉप कळत नाहीत आणि त्याची हौसही नाही. सोनीनं स्वतः खरोखर काय सांगितलंय, आणि आपल्याकडे ते कधी नि केवढ्याला पडेल, हे कुणी जाणकार सांगेल का?

---

वेफरवाला
१४ डिसेंबर, सकाळी ९:१५

दादा, बेंगळुरूत चिप तपासण्याचं काम करतो. सोनी किंवा एएमडीशी (सोनीच्या कन्सोलची चिप करणारी कंपनी) नोकरीचा संबंध नाही, त्यामुळे आतली बातमी माझ्याकडेही नाही. जाहीर झालंय तेवढंच सांगतो.

या ऑक्टोबरात सोनीचा मार्क सर्नी (पीएस४ आणि पीएस५ दोन्हींचा मुख्य आर्किटेक्ट) आणि एएमडीचा जॅक ह्यून यांनी मिळून एक व्हिडिओ काढला. त्यांच्या संयुक्त कामाचं नाव 'प्रोजेक्ट ॲमेथिस्ट'. त्यात पीएस६ हे नाव कुठेही नाही. काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये हे आणायचंय, असं सर्नी म्हणतो, आणि सध्या हे सगळं फक्त सिम्युलेशनमध्ये आहे हेही तोच सांगतो. तारीख नाही, किंमत नाही, टेराफ्लॉपही (चिपच्या गणिताच्या वेगाचं माप) नाहीत. लीकवाल्यांचे आकडे या व्हिडिओतले नव्हेत.

सांगितल्या तीन गोष्टी. पहिली, न्यूरल ॲरे. पीएस५ प्रोमध्ये (पीएस५ची जास्त ताकदीची आवृत्ती) पीएसएसआर म्हणून प्रकार आहे: चित्र कमी रिझोल्युशनवर काढायचं आणि एआयच्या मदतीनं मोठं करायचं. आज हे काम जीपीयूतले (चित्र काढणाऱ्या चिपमधले) छोटे छोटे कंप्यूट युनिट सुटेसुटे करतात. चित्राचे तुकडे पाडा, वाटून द्या, परत जुळवा, यात वेळ जातो. नव्यात हे युनिट आपसात जोडून एकत्र राबवायचे आहेत.

दुसरी, रेडियन्स कोअर. रे ट्रेसिंगमध्ये (किरणांचा माग काढून उजेड-सावली दाखवण्यात) प्रकाशाचा प्रत्येक किरण दृश्यातल्या नेमक्या कुठल्या त्रिकोणावर आदळतो ते शोधावं लागतं. त्रिकोण असतात लाखो. म्हणून पत्ता शोधावा तसं जातात: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गल्ली. पीएस५मध्ये दर टप्प्यावरचं दार ठोठावायला वेगळं हार्डवेअर आहे, पण जिल्ह्यापासून गल्लीपर्यंतची पायपीट शेडरना (चित्र रंगवणाऱ्या प्रोग्रॅमना) करावी लागते, आणि तेवढा वेळ त्यांचं स्वतःचं रंगवायचं काम पडून राहतं. रेडियन्स कोअर ही पायपीट अंगावर घेणार. तुमच्या पार्लरला याचा उपयोग किती? एफसी आणि टेकनला जवळपास शून्य.

तिसरी, युनिव्हर्सल कॉम्प्रेशन, आणि माझ्या मते खरी बातमी हीच. आज पीएस५चा जीपीयू टेक्श्चरसारखा (वस्तूंवर चढवायची चित्रं) ठरावीकच डेटा दाबून पाठवतो. पुढच्यात जीपीयूतून जाणारा प्रत्येक डेटा तपासून, जिथं जमेल तिथं दाबायचा. एवढा खटाटोप कशाला? कारण मेमरी. जुने आकडे बघा: पहिल्या प्लेस्टेशनला मुख्य रॅम २ एमबी. पीएस२ला ३२ एमबी. पीएस३ला २५६ आणि २५६ मिळून ५१२ एमबी. पीएस४ला ८ जीबी. दर वेळी सोळा पट! आणि पीएस५ला? १६ जीबी. फक्त दुप्पट. एसएसडी (गेम साठवायची जागा) इतकी वेगवान होती (सेकंदाला ५.५ जीबी) की ती उणीव कुणाला फारशी टोचली नाही. पुढच्या वेळी एसएसडीची नवलाई नसेल. दाबून पाठवल्यानं मेमरीतली वाहतूक हलकी होते, मेमरीची जागा मात्र तेवढीच राहते. ती विकतच घ्यावी लागणार.

आणि ती विकत घ्यायला यापेक्षा वाईट काळ मी तरी पाहिलेला नाही. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. मेमरीचा जवळजवळ सगळा बाजार या तिघांकडे. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी मेमरी हेच बनवतात आणि कन्सोलची जीडीडीआर मेमरीही हेच. कारखाने मोजकेच, मग जास्त पैसे देणाऱ्याचं आधी. याच महिन्यात मायक्रॉननं क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तुमच्या कराडात कुणी कॉम्प्युटर असेंबल करून देणारा असेल तर त्याला रॅमचा भाव विचारा, तो रडेल.

म्हणून हार्डवेअर चांगलंच असेल याची मला फारशी काळजी नाही. धास्ती किमतीची आहे. आणि 'पीएस५ स्वस्त होईपर्यंत थांबतो' असं मनात असेल तर तेही काढून टाका. पीएस२ अमेरिकेत २९९ डॉलरला आला, दोन वर्षांत १९९ झाला, २००९मध्ये ९९. पीएस५ ४९९ला आला आणि या ऑगस्टमध्ये ५४९.९९ झाला. पाचव्या वर्षी वर चढलेला कन्सोल! पूर्वी चिप दर दोन-तीन वर्षांनी लहान व्हायची, लहान म्हणजे स्वस्त. आता लहान होते, पण वेफरचा (चिप ज्यावर बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीचा) भाव इतका वाढतो की वाचलेलं तिथंच जातं.

मेहुण्याच्या 'जुने होतील'बद्दल: पीएस५ आल्यावर २०२२मध्ये होरायझन फॉरबिडन वेस्ट, ग्रॅन टुरिस्मो ७ आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक हे सोनीचे स्वतःचे मोठे गेम पीएस४वरही निघाले. तुमचा एफसी तर पाच वर्षांनीही निघतोय. पीएस६ २०२७ला आला तरी पीएस५ २०३०पर्यंत पार्लरात कमावेल, असं मी धरून चालेन.

---

पेठेतला_पाहुणा
१४ डिसेंबर, सकाळी १०:०२

एक्सबॉक्सवाल्यांना कुणी विचारतच नाही का? मायक्रोसॉफ्टनंही जूनमध्ये एएमडीबरोबर पुढच्या पिढीचा करार जाहीर केलाय. बाकी मेहुण्याला म्हणावं, निम्मे पैसे घाल, मग थांबू.

---

कृष्णाकाठचा
१४ डिसेंबर, दुपारी २:३०

वेफरवाले, जिल्हा-तालुका-गाव आवडलं. आमच्याकडे पार्सलवाला तसाच फोन करत करत येतो.

पाहुणे, एक्सबॉक्स ठेवला तर पोरं हात लावणार नाहीत. त्यांची बोटं त्या रिमोटवर बसलेली नाहीत, विषय संपला.

आता रिमोटचं निघालंच आहे तर माझी पीएस६कडून खरी अपेक्षा सांगतो. टेराफ्लॉप राहू द्या, मला ॲनॉलॉग (अंगठ्यानं फिरवायची काठी) टिकणारा रिमोट द्या. माझा सगळ्यात मोठा खर्च कन्सोल नाही, रिमोट आहे. कुणी बोट न लावता खेळाडू डावीकडे चालायला लागला की समजायचं, गेला. उघडून बघितलंय मी. काठीच्या बुडाला दोन बाजूंना दोन हिरव्या डब्या असतात, त्यात काळा कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासणारी पत्र्याची बारीक जीभ. एफसी खेळणारी पोरं धावण्यासाठी काठी पूर्ण पुढे रेटून धरतात, त्यामुळे पट्टा एकाच जागी झिजतो आणि त्याची काळी पूड आत साचते. आयसोप्रोपाइलनं धुतलं की पंधरा दिवस चालतं. नाहीतर पूर्ण मोड्यूल बदलायचं, म्हणजे चौदा टाके काढून चौदा घालायचे. शनिवारी रात्री दुकान बंद करून मी हेच करत बसलेलो असतो. बायको म्हणते एवढ्या वेळात दुसरा धंदा उभा राहिला असता.

पोरांपैकी एकानं सांगितलं की चुंबकावर चालणाऱ्या काठ्या निघाल्यात, घासणंच नाही. मग सोनी त्या का घालत नाही?

---

वेफरवाला
१४ डिसेंबर, दुपारी ३:४०

बरोबर सांगितलं त्यानं. हॉल इफेक्ट म्हणतात, आणि त्याचा पुढचा भाऊ टीएमआर. चुंबक फिरतो, सेन्सर न टेकता वाचतो. झिजायला पट्टाच नाही. इतर कंपन्यांच्या स्वस्त रिमोटमध्येही आता मिळतात. सोनीनं २०२३मध्ये ड्युअलसेन्स एज हा पीएस५चा वरच्या दर्जाचा रिमोट काढला त्यात काठीचं अख्खं मोड्यूल हातानं ओढून बदलता येतं, सोल्डरिंग नको. आत मात्र तोच घासणारा पट्टा. का, हे सोनीलाच ठाऊक. पीएस६च्या साध्या रिमोटमध्ये निदान एजसारखं मोड्यूल दिलं तरी तुमचे शनिवार सुटतील.

---

ग्रँटरोडकर
१४ डिसेंबर, रात्री ९:२०

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आमचं दुकान आहे, पीएस२च्या काळापासून. वेफरवाल्यांचं सगळं बरोबर, पण ते अमेरिकेचं झालं. इकडचं मी सांगतो.

आपल्याकडे पीएस४ आणि पीएस५ जगाबरोबर आलेच नाहीत. पीएस४ तिकडे नोव्हेंबर २०१३, इथं ६ जानेवारी २०१४, ३९,९९० रुपये. पीएस५ तिकडे नोव्हेंबर २०२०, इथं २ फेब्रुवारी २०२१, ४९,९९०. आणि आला म्हणजे मिळाला असं नाही. प्रीऑर्डर उघडायची, मिनिटांत संपायची, आणि त्याच संध्याकाळी ग्रे मालाचा (कंपनीच्या अधिकृत वाटेनं न आलेल्या मालाचा) भाव वर चढायचा. आम्ही धंदेवाले आहोत, तक्रार करत नाही, पण पार्लरवाल्यानं तेव्हा घेतला असता तर दोन वर्षं व्याजच फेडलं असतं. पुढे २०२२च्या शेवटी अधिकृत किंमत ५४,९९० झाली. स्लिम (पीएस५ची सडपातळ आवृत्ती) आला एप्रिल २०२४ला, त्याच किमतीत.

पीएस५ प्रोचं तर आणखीच. जगात ७ नोव्हेंबर २०२४ला आला, इथं अधिकृतपणे आलाच नाही. कारण? त्यात वाय-फाय ७ आहे, त्याला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो, आणि तो आपल्याकडे वाय-फायसाठी खुला नव्हता. सोनी इंडियानंच तसं सांगितलं. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतं, "प्रो का नाही?" आणि मी वाय-फायचं सांगितलं की त्याला वाटतं मी टोलवतोय. या मे महिन्यात दूरसंचार खात्यानं ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ घरातल्या वापरासाठी मोकळा करण्याचा मसुदा काढला. अंतिम नियम या डिसेंबरपर्यंत तरी आलेले नाहीत. पीएस६पर्यंत ही अडचण जाईल असं मला वाटतं. तोवर प्रो हवा असेल तर दुबईचा ग्रे माल. बिघडला तर वॉरंटी नाही, दुरुस्ती तुमच्या नशिबावर. पार्लरला मी तो देत नाही.

आता डिस्क. हा विषय कुणी काढला नाही आणि पार्लरसाठी खरा धोका इथंच आहे. प्रोला डिस्क ड्राइव्ह नाही, वेगळी घ्यावी लागते. स्लिमची ड्राइव्ह सुटी होते, नव्यानं जोडताना एकदा इंटरनेट लागतं. सोनी हळूहळू ड्राइव्ह कन्सोलबाहेर काढतेय, हे सरळ दिसतंय. पीएस६ बिनड्राइव्हचा आला आणि ड्राइव्हचे वेगळे पैसे पडले तर मला आश्चर्य वाटणार नाही. कृष्णाकाठचे, तुम्ही नवीन एफसी घेता, सीझन संपला की विकता, जुन्या टेकनवर थोडे घालून दुसरा गेम घेता. डिस्क आहे म्हणून ते जमतं. डिजिटलला परत विक्री नाही, अदलाबदल नाही, आणि भाव स्टोअर सांगेल तो. आमच्या दुकानातला निम्मा धंदा जुन्या डिस्कचा आहे, त्यामुळे माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगतो. पण स्वार्थ असला तरी खोटं नाही.

माझं मत: ड्राइव्हवाला पीएस५, भारताच्या बिलाचा, आत्ता घ्या. बिनड्राइव्हची डिजिटल एडिशन स्वस्त दिसते म्हणून पार्लरला लावू नका.

---

निशीकासाई_मुक्काम
१५ डिसेंबर, पहाटे ५:१०

टोकियोहून. किमतीच्या धास्तीला एक ताजा दाखला. इथं जपानात, सोनीच्या घरात, डिस्कवाला पीएस५ ७९,९८० येनपर्यंत चढला होता. दुकानात लोक निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलकडे वळलेले, त्याची फक्त जपानी भाषेची आवृत्ती ४९,९८०ला. शेवटी सोनीनं गेल्या महिन्यात, २१ नोव्हेंबरला, डिजिटल पीएस५ची फक्त जपानी भाषेतली आवृत्ती ५५,००० येनला काढली. म्हणजे भाव उतरवायचा तर मशीनला कुंपण घालून उतरवायचा, ही नवी तऱ्हा. पीएस६ला प्रत्येक देशाची वेगळी आवृत्ती निघाली तर बाहेरून आणायचा मार्गही बंद.

आणि हो, अकिहाबारात (इथला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) फिरायला येणारे नातेवाईक 'स्वस्त पीएस५' म्हणून हाच उचलतात. मेनू जपानी, तो बदलत नाही, आणि जपानचंच खातं लागतं. माझ्या आतेभावाला मी काउंटरवरून मागे ओढलंय. कराडात तर अजिबात पाठवू नका.

---

पेठेतला_पाहुणा
१५ डिसेंबर, सकाळी ९:३०

आतेभावाला ओढायला नको होतं. जपानी शिकला असता.

---

कृष्णाकाठचा
१५ डिसेंबर, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. मेहुण्याला हे सगळं वाचायला दिलं. तो म्हणाला, "ते मेमरीचं मला माहीत होतं." असो.

ठरवलंय ते असं. चार नाही, दोन घेतो, ड्राइव्हवाले, भारताच्या बिलाचे. त्यावर टेकन ८ आणि एक क्रिकेट. दोन बऱ्यातले पीएस४ एफसीसाठी तसेच ठेवतो, उरलेल्या दोघांचे पार्ट काढून यांना घालायचे. पीएस५चा तासाचा दर वेगळा लावणार, पोरं कुरकुर करतील, चार दिवसांनी गप्प होतील. जीटीए ६ ठरल्या तारखेला आलाच तर दिवाळीनंतर तिसरा बघू. जीटीए एकट्यानं खेळायचा गेम, एक पोरगा तासन् तास खुर्ची अडवून बसणार आणि मागे पाचजण फुकट बघणार, त्यामुळे त्यासाठी चार मशीन लावणं मला तरी पटत नाही.

एकच शंका राहिली. आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचं काही खरं नसतं. पीएस४ इन्व्हर्टरवर निभावून जातात. पीएस५ला जमेल?

---

वेफरवाला
१६ डिसेंबर, सकाळी ८:४५

मोठा गेम चालू असताना एक पीएस५ साधारण २०० वॅट घेतो. दोन पीएस५, दोन पीएस४ आणि चार टीव्ही एकाच घरगुती इन्व्हर्टरवर टाकू नका. दोन पीएस५ आणि त्यांचे टीव्ही वेगळ्या, प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ठेवा. स्टॅबिलायझर असेल तर उत्तम. लाईट जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या झटक्यात मशीन बंद पडलं तर परत चालू होताना स्टोरेज तपासत बसतं. म्हणून इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर तोच लावा. पीएस६ यापेक्षा कमी वीज घेईल असं मी तरी धरणार नाही: पहिल्या पीएस५चा पॉवर सप्लाय ३५० वॅटचा होता, प्रोचा ३९०चा.

---

ग्रँटरोडकर
१६ डिसेंबर, दुपारी १२:१०

दोन घेताय तर रिमोट चार जास्तीचे घ्या, डब्यातल्यांवर भागणार नाही. मुंबईला आलात तर रविवार सोडून या, रविवारी आमचा रोड बंद असतो. आणि ते जुने टेकनचे डिस्क फेकू नका, घेऊन या.